टीसीएल किती, आरओ कशाला? पाण्याविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की पाण्याविषयीची पत्रे वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली: उपाय आधी ठरतो, मोजमाप मागून होते किंवा होतच नाही. म्हणून यंदाच्या उत्तरांत आकडे जास्त आहेत. ते आपल्या घराला, विहिरीला लावून बघावेत.

प्रश्न : आमच्या गावच्या सार्वजनिक विहिरीत पाऊस सुरू झाला की ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते. तरीही दरवर्षी जुलैत जुलाबाची साथ येतेच. पावडर कमी पडते की पद्धत चुकते? (तासगाव तालुका)

उत्तर : बहुधा दोन्ही. शिवाय पावडरच निकामी झालेली असण्याचीही शक्यता आहे. एकेक तपासत जाऊ.

आधी पाणी मोजा. गोल विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली फुटांत घ्या. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले २२, एवढे लिटर पाणी. विहीर १५ फूट व्यासाची आणि आत १२ फूट पाणी असेल, तर २२५ × १२ × २२ म्हणजे सुमारे ६० हजार लिटर. चांगल्या, ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ब्लीचिंग पावडरचे प्रमाण हजार लिटरला २.५ ग्रॅम धरतात. या विहिरीला १५० ग्रॅम झाले. पण पावसाळ्याच्या सुरुवातीला पाण्यात माती, पालापाचोळा, शेण मिसळलेले असते आणि क्लोरीन आधी त्यांच्यावरच खर्च होते. तेव्हा ५ ग्रॅमपर्यंत जावे लागते, म्हणजे याच विहिरीला ३०० ग्रॅम. ‘दोन मुठी’ हे माप सोडून द्या. आठवड्याला पाणी दोन हात चढले की मूठ तीच राहते आणि विहिरीत पाणी सव्वापट झालेले असते.

पावडर कोरडी कधीही टाकू नका. ती वर तरंगते, मग गोळा होऊन तळाला जाते आणि मधल्या पाण्याला काहीच मिळत नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोडे पाणी घालून आधी तिची लापशी करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नये. दहा मिनिटांत चुना खाली बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढा आणि ती दोराने विहिरीत पाण्याखाली सोडून वर-खाली, आजूबाजूला हलवा. तळाचा चुना विहिरीत टाकायचा नाही, त्याने पाणी उगाच जड होते. हे काम रात्री, पाणी भरणे थांबल्यावर करावे. क्लोरीनला किमान एक तास मिळाला पाहिजे.

सकाळी ओ.टी. (ऑर्थोटोलिडिन) चाचणी घ्या, ती पाण्यात शिल्लक राहिलेले क्लोरीन दाखवते. नळीत खुणेपर्यंत पाणी घेऊन ओ.टी.चे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. तो लगेच, दहा सेकंदांच्या आत वाचायचा. पाच मिनिटांनी दिसणाऱ्या गडद रंगात अमोनियाशी जोडले गेलेले क्लोरीनही धरले जाते आणि जंतू मारायला ते फारसे उपयोगाचे नसते. पाण्यात शिल्लक क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी हवे, साथीच्या दिवसांत ०.५. रंग आलाच नाही तर मात्रा वाढवून पुन्हा शुद्धीकरण करा. चाचणीचे पाणी पिण्याच्या भांड्यात परत टाकू नका, ओ.टी. विषारी आहे.

तुमच्या गावाला नळयोजना असेल तर चूक वेगळ्याच ठिकाणी असू शकते. विहिरीतून मोटर सतत पाणी उपसत असेल, तर सकाळी टाकलेले क्लोरीन दुपारपर्यंत निघून जाते. अशा वेळी उंच टाकी प्रत्येक वेळी भरताना टाकीतच द्रावण द्यावे. ५० हजार लिटरच्या टाकीला १२५ ते २५० ग्रॅम. आणि ओ.टी. टाकीखालच्या नळाला न घेता गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळाला घ्या. तिथे रंग येत नसेल तर मधल्या जलवाहिनीत कुठेतरी गळती असू शकते आणि बाहेरचे पाणी आत शिरत असू शकते.

आता पावडर. टीसीएलचे उघडे पोते दमट खोलीत पडले की क्लोरीन उडत राहते. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर शुद्धीकरणाला अयोग्य ठरते. उग्र वास येतो म्हणजे ती चांगली आहे, असे नाही. नमुना जिल्हा प्रयोगशाळेत पाठवून टक्केवारी काढून घ्या आणि एकदम वर्षाची खरेदी करू नका. पोते लाकडी फळीवर, अंधारात, तोंड घट्ट बांधून ठेवावे. खतांजवळ किंवा रॉकेलजवळ नको.

एवढे करूनही साथ आली तर विहिरीच्या कठड्याला आणि भोवतालच्या ओट्याला पडलेल्या भेगा पाहा. ओट्यावर धुणी-भांडी होत असतील तर ते पाणी भेगांतून थेट आत जाते, आणि टीसीएलने त्यावर मात करता येत नाही. पन्नास फुटांच्या आत शोषखड्डा, उकिरडा किंवा शौचालयाची टाकी असेल तर ती हलवणे हेच औषध. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण दिलेले आहे. तुमच्या गावातला संच कपाटात पडून असेल तर तो बाहेर काढायला लावा. ग्रामसभेचे सदस्य म्हणून तो तुमचा अधिकार आहे.

प्रश्न : घरी आलेल्या विक्रेत्याने नळाच्या पाण्यात दोन कांड्या बुडवून वीज सोडली. पाणी तपकिरी, चिखलासारखे झाले. आरओच्या पाण्यात तसे झाले नाही. आम्ही घाबरलो आहोत. आरओ घ्यावा का? (नाशिक)

उत्तर : घाबरू नका. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नाही, त्या कांड्यांमधल्या लोखंडाचा आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजते आणि गंज पाण्यात येतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून वीज वाहत नाही आणि ते स्वच्छ राहते. पुढच्या वेळी विक्रेत्याला सांगा, आरओच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकून हाच प्रयोग करा. तेही पाणी तपकिरी होईल. हा प्रयोग दाखवून लोकांना भीती घालणे ही फसवणूक आहे.

टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार एकूण किती, एवढेच सांगतो. जंतू, कीटकनाशके, नायट्रेट यांतले काहीही तो वेगळे दाखवत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम मानला आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. धरणातून येणारे पालिकेचे पाणी सहसा ५०० च्या बरेच खाली असते. अशा पाण्याला आरओ लावणे म्हणजे पाणी वाया घालवणे. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या ठिकाणी आरओ वापरण्यावर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते. तुम्हाला जंतूंची काळजी असेल तर गाळणी आणि यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) पुरे. पाणी गढूळ असेल तर मात्र यूव्ही निष्प्रभ ठरते, कारण मातीच्या कणामागे जंतू लपतो. दिव्याची मुदत संपली तरी तो जळताना दिसतो, म्हणून बदलण्याची तारीख यंत्रावरच लिहून ठेवा.

आरओ लागतो तो बोअरच्या जड, खाऱ्या, फ्लोराइड किंवा नायट्रेट असलेल्या पाण्याला. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि ती ओलांडायला मानकात सूट नाही. तान्ह्या बाळांना ते घातक असते. उकळून नायट्रेट आणि फ्लोराइड जात नाहीत, उलट पाणी आटल्याने वाढतात. म्हणून बोअरचे पाणी असेल तर आधी प्रयोगशाळेचा अहवाल घ्या, मग यंत्र.

घरात आरओ आधीपासूनच असेल तर वाया जाणारे पाणी बादलीत धरा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर जात असेल आणि मूळ टीडीएस ६०० असेल, तर बाहेरच्या पाण्याचा टीडीएस ८०० च्या आसपास येतो. फरशी पुसायला, भांड्यांच्या पहिल्या पाण्याला, फ्लशला ते चालते. मूळ पाणीच १५०० चे असेल तर बाहेरचे २००० ला टेकते. ते कुंड्यांना रोज घालू नये, माती खारावते.

प्रश्न : फ्लशच्या टाकीतून पाणी झिरपते असे वाटते, पण दिसत नाही. (ठाणे)

उत्तर : टाकीत नीळ किंवा खाण्याचा रंग टाका आणि वीस मिनिटे फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचा रबरी वॉशर गेला आहे. जड पाण्याच्या क्षारांनी तो कडक होतो. किती जाते ते मोजायचे असेल तर अँगल कॉक बंद करून टाकीत आतून पेन्सिलने खूण करा. ४० बाय १५ सेंटिमीटरच्या टाकीत तासाला दोन सेंटिमीटर पातळी उतरली तर दिवसाला सुमारे २९ लिटर गेले. कॉक बंद असताना पातळी उतरत नाही आणि तो उघडल्यावर पाण्याचा आवाज येतो, तर बॉलकॉक वर लावलेला आहे आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जाते आहे. तो थोडा खाली करा. जुन्या दहा लिटरच्या टाकीत पाणी वाचवायला भरलेली एक लिटरची बाटली ठेवावी. वीट ठेवू नका, ती विरघळून तिचा चुरा वॉशरखाली अडकतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीची दोन बोअर मार्चमध्ये आटतात. गच्चीचे पाणी थेट बोअरमध्ये सोडायचे ठरले आहे. ठेकेदार म्हणतो, चार दिवसांचे काम आहे. काय बघून घ्यावे? (पुणे)

उत्तर : ‘थेट’ हा शब्द आधी खोडा. बोअरमध्ये न गाळता गेलेली घाण जमिनीखालच्या पाण्यात मिसळते आणि तिथून ती काढता येत नाही. शेजारच्या चार इमारतींचे पाणीही खराब होते.

बोअर पाणी घेते का, हे पहिल्यांदा तपासा. पाच हजार लिटरचा एक टँकर सावकाश बोअरमध्ये सोडा आणि दोरीला वजन बांधून पातळी मोजत राहा. पातळी वर येऊन तिथेच थांबली तर त्या बोअरला पाणी मुरवण्याजोग्या भेगा नाहीत. आपल्याकडचा काळा पाषाण एकसंध असला की पाणी देतही नाही आणि घेतही नाही. कोरडे पडलेले बोअर पुनर्भरणाला उत्तम, असे सरसकट समजले जाते. ते चूक आहे. जे बोअर पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्यात आटते, तेच बहुधा चांगले घेते.

गणित असे. ४०० चौरस मीटर गच्चीवर एका जोरदार सरीत २५ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ८० टक्के हाती आला, तर ८ हजार लिटर. तुमच्या भागात वर्षाला ७०० मिलिमीटर धरला तर सव्वादोन लाख लिटर. मे महिन्यात टँकरवर होणाऱ्या खर्चाशी हा आकडा ताडून बघा, म्हणजे कामाला किती खर्च करणे योग्य ते कळेल.

हे पाणी आधी साठवता येते का, तेही विचारा. गाळलेले पाणी तळटाकीत घेऊन फ्लशसाठी वापरले तर पावसाळ्याचे चार महिने बोअरची मोटर कमी चालते. टाकी भरल्यावर उरलेले बोअरला द्यावे.

गाळणीची टाकी बोअरपासून वेगळी बांधून घ्या. अनेक ठेकेदार बोअरच्या केसिंगलाच (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपलाच) भोके पाडून भोवती जाळी गुंडाळतात आणि खड्डा भरून टाकतात. जाळी फाटली की गाळ सरळ आत जातो, आणि ते वरून कुणाला दिसत नाही. वेगळ्या टाकीत तळाला ४० मिलिमीटरची खडी, वर २० ची, वर बारीक खडी आणि सर्वांत वर धुतलेली जाड वाळू, असे थर द्यावेत. प्रत्येक थरामध्ये नायलॉनची जाळी. वाळू वर असली की गाळ वरच्या दोन इंचांत अडकतो आणि तेवढाच थर खरवडून काढता येतो. ठेकेदार वाळू खाली घालत असेल तर थांबवा, कारण दोन पावसाळ्यांत सगळी टाकी उपसावी लागेल. तळातून निघणारा पाइप झाकण बसवलेल्या केसिंगमध्ये न्यावा. जोराच्या पावसात जास्तीचे पाणी बाहेर पडायला गाळणीच्या आधी वाट ठेवावी.

गच्चीचा पहिला पाऊस बाहेर सोडायचा. धूळ, कबुतरांची विष्ठा, सोलरचे क्षार त्यात असतात. एक ते दोन मिलिमीटर म्हणजे तुमच्या गच्चीला ४०० ते ८०० लिटर. त्यासाठी खालच्या पाइपला एक व्हॉल्व्ह पुरतो, पण तो उघडायचा आणि बंद करायचा कोणी, ते नावानिशी ठरवून वॉचमनच्या खोलीत लिहून लावा. बहुतेक योजना फसतात त्या इथेच. जूनमध्ये व्हॉल्व्ह कुणी बंद करत नाही आणि सप्टेंबरपर्यंत सगळे पाणी गटारात जाते. मेमध्ये गच्ची झाडून घेणे आणि वाळू धुणे, एवढी देखभाल दरवर्षी लागतेच. पार्किंगचे पाणी या गाळणीत कधीही घेऊ नका. ऑइल आणि गाड्या धुतल्याचा साबण वाळूने अडत नाही.

प्रश्न : नळाला पाणी बारीक येते म्हणून सगळ्यांनी मोटर लावली आहे. आम्हीही लावली. त्यात चूक काय? (सोलापूर)

उत्तर : शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढले जाते, ही चूक आहेच. त्याहून मोठी अशी की तुम्ही गटाराचे पाणी स्वतःच्या घरात ओढून घेता. पाणी ठरावीक तासच येते. बाकी वेळ जलवाहिनी रिकामी असते आणि अनेक गल्ल्यांत ती गटाराला लागूनच जाते. मोटर चालू झाली की वाहिनीत शोषण तयार होते आणि सांध्यांच्या फटींतून बाहेरचे सांडपाणी आत येते. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता. तो मुख्यतः दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो.

जमिनीत छोटी टाकी करा, तिच्यात पाणी आपल्या दाबाने पडू द्या आणि मोटर त्या टाकीवर लावा. पाणी सुटल्यावरचे पहिल्या पाच मिनिटांचे पाणी पिण्याला न घेता धुण्याला घ्या. पाण्याला वास येत असेल किंवा ते काळपट असेल, तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि पाणी खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळून प्या.

प्रश्न : टाकी धुताना पाणी फार वाया जाते. कमी पाण्यात निर्जंतुक कशी करावी? (कोल्हापूर)

उत्तर : टाकी पूर्ण भरून रात्रभर ब्लीच ठेवण्याची पद्धत चांगली आहे, पण हजार लिटरच्या टाकीला हजार लिटर जाते. घरच्या टाकीला भिंती पुसण्याची पद्धत पुरते. पाणी वापरून टाकी जवळजवळ रिकामी करा, गाळ काढा, नायलॉनच्या ब्रशने भिंती घासा. तारेच्या ब्रशने प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि त्यांत शेवाळ धरते. मग दहा लिटर पाण्यात ८ ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन सपाट चहाचे चमचे ब्लीचिंग पावडर कालवून निवळ पाणी घ्या आणि ते झाकणाच्या आतल्या बाजूसह सगळीकडे लावा. अर्ध्या तासाने एक-दोन बादल्यांनी धुऊन काढा. हातमोजे आणि चष्मा लागतोच.

संडास धुण्याचे ॲसिड ब्लीचिंग पावडरबरोबर कधीही वापरू नका. क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद टाकीत तो जीव घेऊ शकतो. जमिनीतल्या टाकीत उतरण्यापूर्वी सगळी झाकणे उघडून हवा खेळू द्या, पाणबुडी मोटरची वीज मेनपासून तोडा आणि वर एक माणूस थांबलेला असल्याशिवाय कुणालाही आत उतरू देऊ नका.

प्रश्न : आमची जमीन खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीचे पाणी तुरटी फिरवूनही खारेच राहते. (अकोला जिल्हा)

उत्तर : तुरटीने माती बसते, मीठ जात नाही. तुमच्यासाठी पत्र्याच्या छपरावर पडणारे पावसाचे पाणी साठवणे सर्वांत भरवशाचे. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला माणशी ६ लिटर, आठ महिने म्हणजे २४० दिवस, असे ७,२०० लिटर लागते. ४० चौरस मीटर पत्र्यावर अगदी वाईट वर्षी ५०० मिलिमीटर पाऊस झाला तरी १६-१७ हजार लिटर मिळते. म्हणजे छप्पर पुरेसे आहे, खर्च येतो तो ८ हजार लिटरच्या टाकीचा. टाकीत उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ येते. सर्व तोंडांना डासांची जाळी लावा आणि नळ तळापासून चार इंच वर बसवा. सुरुवातीचे ८० लिटर बाहेर सोडा. ॲस्बेस्टॉसचे किंवा रंग उडालेले छप्पर यासाठी नको. पिण्याआधी क्लोरीन द्या किंवा उकळा.

प्रश्न : शोषखड्डा केला, दुसऱ्याच पावसाळ्यात तुंबला. काळी जमीन आहे. (लातूर जिल्हा)

उत्तर : काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून बंद होते. खड्डा मुरमापर्यंत गेला नसेल तर तो तुंबणारच. नवा खणण्याआधी, जिथे तळ येणार तिथे फूटभर रुंद आणि फूटभर खोल भोक करून रात्रभर पाणी मुरवा. सकाळी सहा इंच पाणी भरून एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते पाहा. अर्ध्या तासाच्या आत उतरले तर खड्डा चालेल. तासापेक्षा जास्त लागला तर तिथे खणू नका, ते पाणी परसबागेत केळी, कर्दळ, अळू यांना द्या.

पाच माणसांच्या घरचे दिवसाचे २०० लिटर सांडपाणी धरून चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा करतात. नांदेड पॅटर्नमध्ये त्याच्या मधोमध भोके पाडलेली सिमेंटची टाकी बसवून भोवती दगड भरतात. गाळ त्या टाकीत साचतो आणि झाकण उघडून काढता येतो, हा तिचा खरा फायदा. तुमच्या खड्ड्यात ती नसेल तर निदान आधी एक बाय एक फुटाची जाळीची कुंडी बांधा. खरकटे, केस आणि साबणाची साय तिथेच अडली पाहिजे. दर आठवड्याला ती कुंडी साफ करावी. शौचालयाचे पाणी या खड्ड्यात सोडू नये, आणि विहीर किंवा हातपंप पन्नास फुटांच्या आत असेल तर खड्ड्याची जागा बदला.